रेडीच्या रेखांशावरची पाखरं

भारताचा नकाशा नको, जगाचा घ्या. त्यावर रेडी शोधायला भिंग लागेल. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याचं अगदी दक्षिणेचं टोक, तेरेखोल नदीच्या मुखाशी; नदीपलीकडे गोवा. तिथे बोट ठेवा आणि सरळ खाली न्या. गोव्याचा किनारा डाव्या हाताला राहतो आणि बोट पाण्यावरून चालू लागतं. १,३०० किलोमीटरच्या सुमारास मालदीवची राजधानी माले शेजारून जाते. १,७५० किलोमीटरवर विषुववृत्त. त्यानंतर नुसतं पाणी, हजारो किलोमीटर. साडेसात हजार किलोमीटर मागे पडल्यावर हर्ड नावाचं ज्वालामुखीचं हिमाच्छादित बेट लागतं, तेही जवळजवळ याच रेखांशावर. आणि त्यानंतर रेषा जमिनीला टेकते ती थेट अंटार्क्टिकावर. त्या किनाऱ्यावर, रेषेपासून थोडं पूर्वेला, लार्समन टेकड्यांमध्ये २०१२ पासून भारताचं ‘भारती’ हे संशोधन केंद्र उभं आहे. रेडी ते भारती हे अंतर ८५ अंश अक्षांशांचं. एका अंशाला १११ किलोमीटर धरले की हिशेब होतो सुमारे ९,४०० किलोमीटरचा.

ही रेषा मी उगाच ओढलेली नाही. त्या लार्समन टेकड्यांच्या खडकांत, दगडांच्या फटींमध्ये एक पाखरू अंडं घालतं. विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल हे त्याचं नाव. रंग काजळीसारखा, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, वजन ३५ ते ४५ ग्रॅम. अंटार्क्टिकाच्या काठाने आणि भोवतालच्या बेटांवर, हर्डवरसुद्धा, याच्या वसाहती आहेत. तिकडचा उन्हाळा संपून समुद्र गोठायला लागला की ही पाखरं उत्तरेकडे निघतात आणि त्यांतली काही अरबी समुद्रात येतात. म्हणजे आपल्याकडे आंबा उतरवायची घाई चाललेली असते, तेव्हा रेडीच्या समोरच्या खोल पाण्यावर अंटार्क्टिकाचं पाखरू आपला हिवाळा काढत असतं.

“उन्हाळ्यात किनाऱ्यावर काय पक्षी बघणार?” हा प्रश्न मला पक्षी बघणाऱ्यांकडूनच जास्त ऐकू येतो. नोव्हेंबर ते मार्च हा आपला हंगाम. एप्रिलमध्ये दुर्बीण डब्यात जाते. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. या किनाऱ्यावर वर्षातली सगळ्यांत मोठी उलाढाल एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या अखेरपर्यंत होते. ती वाळूवर कमी आणि समुद्रावर जास्त होते, म्हणून ती आपल्या यादीत येत नाही. पण तिचे आकडे मांडायला बसलं की हात थांबतो.

आधी या पेट्रेलचाच हिशेब करू. सरळ रेषेत एक फेरी ९,४०० किलोमीटर, जाऊन-येऊन १८,८०० किलोमीटर. समुद्रपाखरू सरळ रेषेत कधीच उडत नाही, ते वाऱ्याच्या कलाने आणि खाण्याच्या मागाने वळत जातं. तरी सरळ रेषाच धरू. दहा वर्षं जगणं या कुळात नवलाचं नाही. दहा वर्षांत १,८८,००० किलोमीटर झाले, म्हणजे पृथ्वीभोवती पावणेपाच फेऱ्या. आणि हे चाळीस ग्रॅमच्या जीवाने. मादीचं अंडं तिच्या वजनाच्या साधारण पाव भाग भरतं, म्हणून वर्षाला एकच अंडं. जगात हे पेट्रेल किती असतील याचे अंदाज कोटीच्या घरात जातात, तरीही एवढ्या सगळ्या पाखरांचं मिळून वजन किती? एक कोटी गुणिले चाळीस ग्रॅम म्हणजे चारशे टन. लोहखनिज वाहणारी बार्ज इथल्या माणसांना नवी नाही. गोव्याच्या नद्यांतली तसली एक बार्ज दीड-दोन हजार टन माल सहज नेते. म्हणजे जगातले कोटभर स्टॉर्म पेट्रेल एका बार्जमध्ये भरले, तर ती जेमतेम पाव भाग भरेल.

हे पाखरू खातं कसं, ते बघण्यासारखं असतं. पंख अर्धवट पसरून ते पाण्याला टेकल्यासारखं करतं, लांब पाय खाली सोडतं आणि लाटेच्या पाठीवर थापट्या मारत पुढे सरकतं, जणू पाण्यावरून चालतंय. पंखांवर वारा धरलेला असतो, पायांनी फक्त तोल सांभाळायचा. चोच खाली करून ते पाण्यावर तरंगणारे बारीक जीव, तेलाचे कण टिपतं. चोचीवर नळीसारख्या नाकपुड्या असतात आणि त्यांचा उपयोग भलताच मोठा आहे. वनस्पती-प्लवंगांवर बारीक जीव चरायला लागले की समुद्रातून डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सुटतो. समुद्राचा म्हणून जो वास आपल्याला येतो त्यातला तो एक भाग. अमेरिकेच्या गॅब्रिएल नेविट यांनी १९९० च्या दशकात अंटार्क्टिक समुद्रात दाखवून दिलं की स्टॉर्म पेट्रेल या वासाच्या मागाने खाण्यापर्यंत पोचतात. चहूकडे एकसारखं पाणी आहे, खूण कसलीच नाही, आणि त्यात हे पाखरू नाकाने वाट काढतं.

आता बोट पुन्हा रेडीवर आणा आणि या खेपेला पश्चिमेला न्या. यशवंतगडाच्या तटावर उभं राहून समोर बघितलं तर जे क्षितिज दिसतं, त्याच्या पलीकडे सोमालियाचं टोक सुमारे २,५०० किलोमीटरवर आहे. मध्ये जमीन म्हणावी तर सोकोत्रासारखी बेटं, तीही पार पलीकडच्या अंगाला. या वाटेने मे महिन्यात पाखरं येतात आणि ती समुद्रपाखरं नव्हेत. पाण्यावर बसली तर ती बुडतात. अमूर ससाणा हा त्यांतला एक. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. उन्हाळा सैबेरिया आणि चीनच्या उत्तरेकडच्या प्रदेशात, हिवाळा दक्षिण आफ्रिकेत, वर्षाची चाल साधारण २२,००० किलोमीटर. जाताना ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ते नागालँडमध्ये थांबतात. २०१२ मध्ये तिथल्या दोयांग जलाशयावर जाळी लावून एका हंगामात सव्वा लाखाच्या आसपास ससाणे मारले गेल्याचा अंदाज पुढे आला आणि देश हादरला. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, गावकऱ्यांनी जाळी बंद केली. त्या हंगामात एकही ससाणा मारला गेला नाही. उपग्रहाचे टॅग लावलेले ससाणे मग अरबी समुद्र एका दमात ओलांडताना दिसले. जातानाही आणि एप्रिल-मे मध्ये परतीच्या वाटेवरही.

ताशी ५० किलोमीटरने उडलं तरी २,५०० किलोमीटरला पन्नास तास लागतात. दोन दिवस आणि दोन रात्री, खाली उतरायला जागा नाही. मंगोलियात टॅग लावलेला ‘ओनोन’ नावाचा एक कक्कू पक्षी तर २०२० च्या वसंतात केनियातून निघाला तो समुद्र ओलांडून मे महिन्याच्या सुरुवातीला मध्य प्रदेशातच टेकला. सुमारे आठवड्याभरात साडेसहा हजार किलोमीटर. तेव्हा आपण सगळे टाळेबंदीत घरात होतो आणि जगभरचे लोक एका कक्कूचा ठिपका नकाशावर सरकताना बघत होते.

आणि आपला चातक. पावसाचा थेंब झेलण्याची त्याची ख्याती आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो; त्याच्या प्रवासाची मात्र सांगितली नाही. काळा-पांढरा, डोक्यावर शेंडी, वजन सत्तर ग्रॅमच्या आतबाहेर. मेच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला तो आफ्रिकेतून अरबी समुद्रावरून आपल्याकडे येतो, मोसमी वारे पाठीशी घेऊन. ज्या वाऱ्यावर शिडाची गलबतं आफ्रिकेकडून या किनाऱ्याला लागत, तोच वारा. रेडीचं जुनं नाव रेवतीद्वीप. चालुक्य राजा मंगलेशाने ते जिंकल्याची नोंद सातव्या शतकातली आहे. तेव्हाच्या माणसांनीही वळवाच्या ढगांबरोबर हे पाखरू आलेलं पाहिलं असणार.

उत्तरेकडचा हिशेब थोडक्यात सांगतो, कारण तो हिवाळी पाहुण्यांचा आहे आणि त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. पण एप्रिलमधली एक गोष्ट सोडवत नाही. हिवाळाभर वाळूवर मातकट दिसणारे छोटे वाळू-चिखले एप्रिलच्या मध्याला बदलून जातात. छाती विटकरी-तांबूस होते, डोळ्यांवरून काळी पट्टी उमटते. ओळीने धावायचं, थबकायचं, चोच मारायची आणि पुन्हा धावायचं, हे चालूच. पण अंगाने ते गोल दिसायला लागलेले असतात. ती चरबी, म्हणजे इंधन. काही दिवसांत ते लडाख-तिबेटच्या चार हजार मीटरहून उंच पठारांवर जाणार. समुद्रसपाटीवरून थेट तिथे, जिथे माणसाला दोन जिने चढले तरी धाप लागते. त्यांच्या शेजारी धावणारा छोटा टिलवा पंचवीस ग्रॅमचा. त्याचं घर उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात. तैमिर द्वीपकल्प रेडीपासून साडेसहा हजार किलोमीटरहून जास्त दूर आहे.

चरबीच्या या गणिताचं टोक बघायचं तर पाणटिवळ्याकडे जावं लागतं. शेपटीवर पट्टे असलेल्या पाणटिवळ्याच्या एका पिल्लाला अलास्कात टॅग लावला होता, क्रमांक २३४६८४. ऑक्टोबर २०२२ मध्ये पाच महिन्यांचं ते पिल्लू निघालं आणि टास्मानियात उतरलं. ११ दिवस आणि १ तास, १३,५६० किलोमीटर, मध्ये एकदाही न थांबता, न खाता, न पिता. त्याने ही वाट आधी कधी पाहिलेली नव्हती. निघण्यापूर्वी या पक्ष्यांच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग चरबीचा असतो आणि ओझं कमी करायला ते आपली जठर, आतडी, यकृतसुद्धा आक्रसून घेतात. पोट गुंडाळून ठेवून प्रवासाला निघायचं, पोचल्यावर ते पुन्हा वाढवायचं. याच जातीचे पाणटिवळे हिवाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही येतात.

सगळेच काही जाणारे-येणारे नाहीत. वेंगुर्ल्याच्या समोर, भर समुद्रात, खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे, वेंगुर्ले रॉक्स. इंग्रजांच्या नकाशांत ‘बर्न्ट आयलंड्स’. त्यावर दीपगृह आहे. रेडीच्या पक्ष्यांची गोष्ट या खडकांशिवाय पुरी होत नाही. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ए. ओ. ह्यूम १८७० च्या दशकात पक्ष्यांसाठी इथे येऊन गेले, आणि १९४२ मध्ये हुमायून अब्दुलअली यांनी इथल्या सुरय आणि पाकोळ्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. सुरय या खडकांवर अंडी घालतात. ब्रायडल्ड टर्न ही त्यांतली समुद्रातली खरी वस्तीकर. खडकाच्या सावलीत एकच अंडं.

पाकोळ्यांची गोष्ट मात्र अंधारातली आहे. इथल्या गुहांमध्ये भारतीय पाकोळीची वसाहत आहे. बारा सेंटिमीटरचं पाखरू, घरटं लाळेचं. गुहेत जिथे हात समोर धरला तर दिसत नाही, तिथे ही पाखरं भरधाव शिरतात आणि आपापल्या घरट्यावर बरोबर जाऊन चिकटतात. कशी? टक्‌-टक्‌-टक्‌ असा आवाज काढत, त्याचा प्रतिध्वनी ऐकत. वटवाघळाचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, पाकोळीचा येतो. शेकडो पाखरं एकदम शिरतात तेव्हा सगळी गुहा टकटकते, आणि त्या गोंगाटातून प्रत्येकीने आपलाच प्रतिध्वनी ओळखायचा असतो. पक्ष्यांच्या दहा हजारांच्या आसपास जाती आहेत. प्रतिध्वनीवर वाट काढणाऱ्या त्यांत मोजक्याच, दक्षिण अमेरिकेतला ऑइलबर्ड आणि काही पाकोळ्या. त्यांतली एक आपल्या वेंगुर्ल्यासमोर राहते, ही गोष्ट सिंधुदुर्गातल्या प्रत्येक शाळेत सांगितली जावी असं मला मनापासून वाटतं.

याच लाळेच्या घरट्यांवर डोळा ठेवून एके काळी चोऱ्या झाल्या. सूपासाठी परदेशात घरट्यांना पैसा मिळतो. घरटं खरवडून नेलं की आतली अंडी-पिल्लं गेलीच. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने २००० नंतर हा प्रश्न हाती घेतला, खडकांवर राखण बसवली आणि वसाहत सावरली. कासवांसाठी वेळासला जाऊन आलेल्यांना ही संस्था माहीत असते; पाकोळ्यांसाठी तिने जे केलं तेही तेवढंच मोलाचं आहे.

किनाऱ्याच्या आतल्या बाजूलाही उन्हाळा रिकामा नसतो. समुद्री गरुडाच्या घरट्यातून पिल्लं बाहेर पडलेली असतात. हा पांढऱ्या पोटाचा गरुड, पंखांचा विस्तार दोन मीटर. समुद्रसर्प उचलून नेताना तो दिसला तर दिवसभर दुसरं काही सुचत नाही. रापण ओढली जाते तेव्हा तांबूस-पांढऱ्या ब्राह्मणी घारी वर घिरट्या घालतात आणि जाळ्यातून निसटलेली तारली हवेतल्या हवेत पायांनी चोचीपाशी नेऊन खातात. आणि लोहखनिजाच्या खाणीच्या बाजूच्या उघड्या लाल मातीवर टिटवी बसलेली असते. चार अंडी, खड्यांच्या रंगाची, नुसत्या जमिनीवर. मेच्या दुपारी त्या मातीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. टिटवीला अंडी ऊब देऊन नव्हे, थंड ठेवून वाचवायची असतात. ती पाण्यापाशी जाते, पोटाची पिसं भिजवते, येऊन अंड्यांवर उभी राहते आणि थेंब ठिबकू देते. मग नर जातो. जवळपास चार आठवडे हे चालतं. पाण्याची डबकी आटली, कुणी बुजवली, तर तिचा हिशेब तिथेच चुकतो.

१ जूनला यांत्रिक मासेमारी बंद होते, ३१ जुलैपर्यंत. ६१ दिवस. होड्या वर ओढल्या जातात, झापांनी शाकारल्या जातात आणि समुद्राकडे बघणारी माणसं कमी होतात. नेमकं तेव्हाच वादळी वारा खोल समुद्रातली पाखरं किनाऱ्याकडे लोटतो. मे २०२१ मध्ये तौक्ते इथूनच, किनाऱ्याला घासून, उत्तरेकडे गेलं. अशा वाऱ्यांनंतर कोकणच्या वाळूवर जी पाखरं सापडतात, त्यांची नावं वाचूनच थक्क व्हायला होतं. काळी सुरय: घरटं सोडलं की ही पुढची कित्येक वर्षं समुद्रावरच काढते, आणि पिसं पाणी धरतात म्हणून पाण्यावर फार वेळ बसूही शकत नाही; म्हणजे ती वर्षं मुख्यतः हवेतच जातात. फ्रिगेट पक्षी: मोझांबिकजवळच्या युरोपा बेटावरच्या फ्रिगेट पक्ष्यांवर फ्रेंच शास्त्रज्ञांनी यंत्रं लावली, तेव्हा एक पाखरू दोन महिने सलग हवेत असल्याचं २०१६ मध्ये जाहीर झालं. ते ढगांच्या आत शिरून, तिथल्या वर चढणाऱ्या वाऱ्यावर स्वार होऊन, चार किलोमीटर उंची गाठतात. त्याच वर्षी गॅलापागोसच्या फ्रिगेट पक्ष्यांच्या मेंदूतल्या लहरी मोजल्या गेल्या. उडताना दिवसाची सरासरी झोप ४२ मिनिटं, तीही तुकड्यातुकड्यांनी, बऱ्याचदा मेंदूचा एक अर्धा भाग जागा ठेवून. जमिनीवर हाच पक्षी बारा तासांहून जास्त झोपतो. दक्षिण गोलार्धातून आलेले शिअरवॉटर, अंटार्क्टिकाच्या बाजूचे स्कुआ हेही याच दिवसांत या किनाऱ्यावर येऊन पडतात.

एवढं वाचून हे पक्षी अमर्याद आहेत असं वाटू शकेल. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पृथ्वीवरच्या रानपाखरांचा अंदाज मांडला तो ५,००० कोटींचा. माणशी सहा. मला हा आकडा मोठा नाही, लहान वाटतो. भारतापुरतं बोलायचं तर २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालात ३०,००० हून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवरून ९४२ जातींचा आढावा घेतला गेला. ज्या ३३८ जातींची दीर्घकाळची चाल कळू शकली, त्यांतल्या ६० टक्के उतरणीला लागलेल्या निघाल्या. दूरवरून येणारे किनारपक्षी त्यांत ठळकपणे आहेत. रेडीची वाळू जशीच्या तशी राखली आणि लडाखचं पठार किंवा टुंड्रा बिघडला, तर चिखला वाचत नाही. तिकडचं सगळं नीट राहिलं आणि इथे त्याला एप्रिलमध्ये पोटभर खाता आलं नाही, तरी वाचत नाही.

त्या ३ कोटी नोंदींमध्ये नोव्हेंबर ते मार्चच्या नोंदींचाच भरणा असणं साहजिक आहे. रेडी, शिरोडा, आरवली, मोचेमाड या पट्ट्यातल्या कुणी मे-जूनमध्ये सकाळी तासभर समुद्राकडे दुर्बीण लावून बसायचं ठरवलं, तर त्याच्या एकेका नोंदीला मोल आहे. पक्षी दिसला नाही, ही नोंदसुद्धा करावी.

आणि पावसात वाळूवर थकून पडलेलं काळपट, नळीच्या नाकाचं पाखरू सापडलं तर त्याला पुन्हा समुद्रात फेकू नये. भले लोक दयेने तेच करतात आणि ते बुडतं. तोंडात पाणी ओतू नये, मासा कोंबू नये. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, कोरड्या कापडावर, अंधारात आणि शांत जागी ठेवावं आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. खोक्यात ठेवण्याआधी चोचीचा आणि पंखाचा एकेक फोटो काढावा, शेजारी पट्टी धरून. पाय नीट बघावेत. पायात धातूचं कडं असेल तर त्यावरचा क्रमांक आणि अक्षरं जशीच्या तशी लिहून घ्यावीत, तारीख आणि जागा टाकून, आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला पाठवावीत. पाखरू मेलेलं असलं तरीही.